जुन्या जिप्सीच्या मागच्या दारावर स्टेपनी: कब्ज्यापासून शेवटच्या नटापर्यंत

दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. तिथे २ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल, तर आज स्टेपनीचं नाव घेऊ नका. पहिलं काम कब्ज्यांचं.

कारण साधं आहे. २३५/७५ आर१५ मापाच्या मोठ्या टायरचं चाक लोखंडी डिस्कसकट ३० किलोच्या आसपास जातं. ब्रॅकेटचे ८ किलो धरा, म्हणजे ३८ झाले. हे वजन कब्ज्याच्या रेषेपासून ५०० मिलिमीटरवर लटकतं आणि दोन कब्ज्यांत अंतर २५० मिलिमीटर असेल, तर दार उघडल्यावर वरचा कब्जा खांबापासून ७६ किलोच्या जोराने ओढला जातो, खालचा तेवढ्याच जोराने खांबात दाबला जातो. ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. खड्ड्यातला दणका तिप्पट धरला तर हाच आकडा २२८ किलोवर जातो. दार बंद असताना कडी थोडा भार उचलते, पण कडी ढिली असेल तर तिचा उपयोग फक्त आवाज करायला.

पिन झिजली असेल तर लेथवाल्याकडून ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या बारमधून नवी करून घ्या, कब्ज्याचं भोक रीमरने गोल करून त्यात गनमेटलचा बुश बसवा. अंडाकृती झालेल्या भोकात नुसती जाड पिन ठोकण्याचा शॉर्टकट सगळीकडे चालतो. ती पिन दोनच रेषांवर टेकते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत खेळ परत येतो. कब्जा ज्या खांबाला बसतो तो खांबही तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत या. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भदभद आला तर आतून गंज. गंजक्या खांबावर कितीही भारी ब्रॅकेट लावा, सुटणार खांबच. तो भाग कापून १.६ मिलिमीटरचा नवा पत्रा जोडून घ्यायचा आणि मग पुढे जायचं.

कुठल्या दारावर बसवायची

ही कृती आडव्या उघडणाऱ्या दाराची, म्हणजे मुख्यतः मारुती जिप्सीची. १९८५ साली आलेल्या या गाडीच्या मागच्या दारावर कंपनीचीच स्टेपनी असते. गाडी मूळ मापाच्या टायरवर असेल, जिप्सी किंगला २०५/७० आर१५, तर नवं ब्रॅकेट करू नका. जुनंच काढा, भोकांभोवतीचा पत्रा उजेडात बघा, आतून ३ मिलिमीटरची बॅकिंग प्लेट द्या, बोल्ट नवे घाला आणि पुन्हा आवळा. निम्म्या गाड्यांचं काम इथेच संपतं.

पंचाईत होते ती टायर मोठे केल्यावर. २०५/७० चा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३, आणि ३१ इंचीचा ७८७. व्यासाबरोबर वजन वाढतं, रुंदी वाढते, चाकाचं केंद्र दारापासून आणखी बाहेर जातं. कंपनीची बैठक या भारासाठी केलेलीच नव्हती.

महिंद्राच्या जुन्या जीपचं फाटक खाली पडतं आणि साखळीवर लोंबतं. त्याच्यावर स्टेपनी लावली की फाटक उघडायला दोन माणसं लागतात आणि साखळीचे हूक सरळ होतात. अशा गाडीला चेसिसच्या मागच्या आडव्या मेंबरवर खुंटा उभा करून त्यावर फिरणारा हात करतात. खुंट्याला ट्रॉलीच्या हबसारखे दोन टेपर बेअरिंग, दुसऱ्या टोकाला ओढून घट्ट होणारी कडी. ते काम वेगळं आणि मोठं आहे. ते जमणार नसेल तर स्टेपनी बाजूच्या बॉडीवर ठेवलेली बरी, फाटकाच्या वाटेला जाऊ नये.

मापं घेताना चाक हवेने भरलेलं हवं

हे सगळ्यात जास्त लोक चुकतात. टायरमध्ये हवा कमी असताना बगल चपटी असते. त्या मापाने ब्रॅकेट केलं तर हवा भरल्यावर टायर दारात घुसतो. उलट भरलेल्या टायरवर माप घेऊन नंतर स्टेपनीची हवा बघितलीच नाही, तर टायर बफर सोडतो आणि खडखड सुरू होते. चालत्या चाकांना जेवढी हवा त्याहून ५ पीएसआय जास्त भरा आणि मग फीत लावा.

चाक जमिनीवर असं आडवं ठेवा की डिस्कची आतली, म्हणजे ड्रमकडची बाजू वर येईल. टायरच्या बगलेवर सरळ पट्टी आडवी टेकवा. पट्टीपासून डिस्कच्या बसण्याच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा. समजा १२० मिलिमीटर आलं. दारावर लावायचे रबर बफर २५ मिलिमीटर उंच आहेत. नट आवळल्यावर बफर ६ मिलिमीटर दबायला हवेत. म्हणजे दाराच्या पत्र्यापासून ब्रॅकेटच्या तोंडापर्यंतची उंची १२० अधिक २५ उणे ६, एकूण १३९ मिलिमीटर. हे ६ मिलिमीटरच पुढची दहा वर्षं काम करतात. टायर रबरावर दाबून बसला की चाक आणि दार एकच वस्तू होतात, चाकाला स्वतंत्रपणे हलायला जागा उरत नाही. ४ मिलिमीटरच्या खाली गेलात तर उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या हवेच्या फरकाने दाब निघून जातो. नागपुरात डिसेंबरची पहाट १२–१५ अंशांची आणि मे महिन्याची दुपार ४५ ची, एवढ्या फरकात ३० पीएसआयच्या टायरमध्ये साडेचार-पाच पीएसआय इकडेतिकडे होतात. १० मिलिमीटरच्या वर गेलात तर रबर चेपून मरतं आणि दाराचा पत्रा आत वाकतो.

आता चाक दारावर कुठे येणार ते ठरवा. एका माणसाला चाक धरायला सांगा, दुसऱ्याने दूर जाऊन बघायचं. टायर ब्रेक लाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट यांपैकी काहीही झाकणार नाही, दाराची मूठ आणि किल्लीचं भोक मोकळं राहील, टायरची खालची कड बंपरच्या वर राहील आणि सायलेन्सरचं तोंड टायरकडे नसेल. या अटींत बसतं तेवढं चाक कब्ज्याच्या बाजूला सरकवा. दर १०० मिलिमीटर सरकवलं की कब्ज्यावरचा पीळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. मधोमध लावलेलं चाक दिसायला छान दिसतं, एवढाच त्याचा फायदा.

नंबर प्लेटचा विचार आत्ताच करा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, स्नॅप लॉकने बसवलेली असते, लॉक न मोडता निघत नाही आणि मोडल्यावर ती परत बसत नाही. प्लेट आहे तिथेच ठेवून चाकाची जागा काढता आली तर उत्तम. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असे फेरफार रोखतं. फिटनेसला किंवा पुनर्नोंदणीला गेल्यावर झाकलेला दिवा आणि तिरकी प्लेट सगळ्यात आधी डोळ्यांत भरते.

सामान

– तळाची प्लेट: एमएस (साधं माइल्ड स्टील), ५ मिलिमीटर जाड, ३०० × २५० मिलिमीटर, एक
– आतली बॅकिंग प्लेट: ३ मिलिमीटर, त्याच मापाची, एक
– उभा पाइप: साडेतीन इंची (हे दुकानातलं नावाचं माप), बाहेरचा व्यास १०१.६ मिलिमीटर, भिंत साडेतीन-चार मिलिमीटर, लांबी १६० मिलिमीटर
– तोंडाची रिंग: ८ मिलिमीटर जाड, बाहेरून १९०, आतून १०२ मिलिमीटर, एक
– त्रिकोणी गसेट: ५ मिलिमीटरच्या प्लेटचे, ४
– हबचे दाते असलेले व्हील स्टड: ३, तुमच्याच गाडीच्या आट्याचे
– एम१० एचटी (हाय टेन्साइल) बोल्ट, ८.८ ग्रेड: ६, सोबत नायलॉक नट ६ आणि मोठे जाड वायसर १२
– स्लीव्ह (बोल्टभोवतीची नळी): बाहेरून १६, आतून १०.५ मिलिमीटर, ६
– रबर बफर: ३ किंवा ४, २५ मिलिमीटर उंच
– झिंक प्रायमर, रंग, न्यूट्रल सिलिकॉन, लॉक नट एक

लोखंड नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत कापून मिळतं, पण रिंग आणि भोकं गॅस कटरने करून घेऊ नका. हिंगणा एमआयडीसीत लेझर कटिंगवाले आहेत, कागदावर माप लिहून दिलं की भोकं नेमकी येतात. बफर वाडीच्या ट्रक स्पेअरच्या दुकानांत बघा. ट्रकच्या बॉनेटखालचा गोल बफर याला अगदी चालतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

ब्रॅकेट

जिप्सीचं चाक पाच भोकांचं, पीसीडी, म्हणजे भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १३९.७ मिलिमीटर. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर ८२.१ मिलिमीटर यायला हवं. कटिंगवाल्याकडून रिंग घेताना व्हर्नियरने एवढंच तपासा. जुन्या महिंद्रा जीपलाही हीच पीसीडी, मात्र आटे वेगळे. जिप्सीचा नट एम१२ × १.२५ चा. अंदाज नको, चाकाचा नट खिशात घेऊन दुकानात जा. ब्रॅकेटचे नट चाकाला लागणारेच ठेवा, जंगलात एखादा हरवला तर इथला काढून लावता येतो.

पाचही स्टड लागत नाहीत, तीन पुरतात. दोन वर, एक खाली. लटकणारं चाक वरच्या बाजूने बाहेर ओढतं, म्हणून वर दोन. पाचांतले शेजारचे दोन वर आणि त्यांच्या बरोबर समोरचा एक खाली, म्हणजे त्रिकोण सगळ्यात रुंद होतो. स्टड रिंगमध्ये प्रेसने बसवा. एचटी बोल्टचं डोकं मागून वेल्ड करायची सवय अनेकांना आहे. वेल्डच्या उष्णतेने बोल्टचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि तो नेमका डोक्याखाली तुटतो.

पाइप रिंगच्या भोकातून २० मिलिमीटर पुढे काढून वेल्ड करा. चाकाचं मधलं भोक १०८ मिलिमीटरचं, पाइप १०१.६ चा. चाक उचललं की आधी या पाइपवर टेकतं, मग स्टड शोधता येतात. रस्त्यात एकट्याने ३० किलोचं चाक चढवताना हे २० मिलिमीटर केवढे उपयोगी पडतात ते पाठीला विचारा. भाराचाही मोठा हिस्सा पाइप घेतो, स्टड फक्त आवळून ठेवतात.

पाइपची कापायची लांबी तुमच्या उंचीवरून काढा: पत्र्यापासून रिंगच्या बाहेरच्या तोंडापर्यंत १३९, अधिक पुढचे २०, उणे तळाच्या प्लेटचे ५. आपल्या उदाहरणात १५४ मिलिमीटर. १६० चा तुकडा घेऊन लेथवर दोन्ही तोंडं काटकोनात करून घ्या. पाइपचं तोंड तिरकं असेल तर चाक तिरकं बसतं आणि एकच बफर सगळा भार घेतो. आधी चार ठिकाणी टाका मारा, गुण्या लावून बघा, मग समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून पूर्ण वेल्ड करा. एका दमात गोल फिरलात की रिंग वळते. गसेट पाइप आणि तळाच्या प्लेटमध्ये, चौकटीच्या कोपऱ्यांकडे तोंड करून.

वेल्डिंग सगळं टेबलावर. दाराच्या पत्र्यावर थेट वेल्ड करायचंच नाही. पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा. वेल्डच्या कडेला तो ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच चालू होतो. शिवाय जिप्सीची पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला आहे.

दाराला भोकं

दार आतून-बाहेरून दोन पत्र्यांचं, मधे पोकळ. बोल्ट आरपार घालून नुसता आवळला की दोन्ही पत्रे एकमेकांकडे पिचकतात, बोल्टचा ताण दोन दिवसांत संपतो, नट नायलॉक असला तरी ब्रॅकेट हलायला लागतं. «रोज आवळतो तरी ढिलंच होतं» ही तक्रार ऐकली की समजायचं, आत स्लीव्ह नाही.

आतला पुठ्ठा काढा, कडीचे रॉड कुठून जातात ते बघून घ्या. बाहेरच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावून तळाची प्लेट धरा, पाणसळ लावा, सहा भोकं खुणा करा, सेंटर पंच मारा. आधी ३ मिलिमीटरचं बिट दोन्ही पत्र्यांतून काटकोनात आरपार. मग बाहेरच्या पत्र्याला १०.५, आतल्या पत्र्याला स्टेप बिटने १७. आतलं भोक मोठं कशाला? स्लीव्ह तिथूनच आत जाणार, बाहेरच्या पत्र्याला आतून टेकणार आणि तिचं दुसरं तोंड बॅकिंग प्लेटला लागणार.

स्लीव्हची लांबी प्रत्येक भोकाची वेगळी मोजा. व्हर्नियरची मागची काडी आतल्या बाजूने घालून बाहेरच्या पत्र्यापर्यंतची खोली घ्यायची. तेवढ्यातून अर्धा मिलिमीटर कमी करून स्लीव्ह कापायची. अर्धा मिलिमीटर आखूड म्हणजे प्लेटा पत्र्याला हलके चिमटतात. २–३ मिलिमीटर आखूड झाली तर पत्रा पिचकतो, लांब झाली तर प्लेट अधांतरी राहून पत्रा थरथरतो. दारावर उभे-आडवे दाबलेले पन्हळ असतील आणि तळाची प्लेट फक्त उंच भागांवर टेकत असेल, तर खोलगट जागी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या द्या. तिथे लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरू नका. रंगारी आनंदाने भरून देईल, पण ती पहिल्याच ट्रिपमध्ये भुकटी होऊन खाली येते.

भोकांच्या कडा कानशीने साफ, लोखंडाचा कीस चुंबकाने बाहेर, कडांना ब्रशने प्रायमर. तो वाळू द्या, रात्रभर थांबलात तर उत्तम. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. जिप्सीचं दार गंजतं ते बहुधा ही भोकं बुजल्यामुळे, आणि तुम्ही आताच आणखी सहा भोकं पाडली आहेत. जोडताना तळाच्या प्लेटमागे प्रत्येक भोकाभोवती सिलिकॉनचं कडं द्या, खालची कड मोकळी सोडा.

बोल्ट बाहेरून आत, नट आतल्या बाजूला. आधी सगळे हाताने, मग तिरके समोरासमोर, शेवटी टॉर्क पान्याने ४५ न्यूटन-मीटर. नटावरून प्लेटवर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते, दर वेळी पाना काढावा लागत नाही.

बफर आणि खालचा ठोकळा

बफर टायरच्या बाहेरच्या कडेपासून ६०–७० मिलिमीटर आत, बगलेच्या भरीव भागावर. घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी दोन आवश्यकच. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकू बघतो तेव्हा खालचा दारावर दाबला जातो, तो दाब हे दोघं घेतात. बाराच्या जागी बहुतेक दारांना पत्राच नसतो, टायर वर डोकावतो. तिथे तळाच्या प्लेटवरून ५ मिलिमीटरच्या पट्टीचा हात वर काढून तिसरा बफर द्या. चाक चढवा, नट ६० न्यूटन-मीटरवर आवळा, टायर वरून धरून झटका द्या. गाडी हलली पाहिजे, चाक नाही.

शेवटचा भाग जवळपास सगळे सोडून देतात. दाराच्या कडीकडच्या खालच्या कोपऱ्यात, बॉडीवर नायलॉनचा उतरत्या तोंडाचा ठोकळा बसवा. दार बंद होताना त्यावर दीड-दोन मिलिमीटर चढून बसलं पाहिजे. एवढ्याने बंद दाराचं वजन कब्जा आणि ठोकळा वाटून घेतात, कडीला फक्त धरून ठेवण्याचं काम उरतं. ठोकळ्याच्या भोकांना उभी खाच ठेवा, झिजल्यावर वर सरकवता येईल. दार उघडं ठेवायला पट्टा किंवा साखळी हवीच. उतारावर ३८ किलो घेऊन फिरणारं दार बोटांची गय करत नाही.

पहिली फेरी आणि नंतर

आतला पुठ्ठा लगेच लावू नका. ५० किलोमीटर गाडी चालवा, त्यात गतिरोधक आणि थोडा कच्चा रस्ता येऊ द्या. उमरेड-कऱ्हांडला किंवा सिल्लारीकडची एक फेरी पुरे. परत आल्यावर सहा बोल्ट, तीन नट, कब्ज्याचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. नंतर ५०० किलोमीटरला, आणि मग प्रत्येक जंगलफेरीनंतर नेलपॉलिशच्या रेघा बघणं पुरतं.

आवाजावरून दोष ओळखता येतो. खड्ड्यात एकच «धप्प» आला तर ठोकळा खाली आहे, दार कडीवर आपटतंय. बारीक सलग खडखड म्हणजे टायर बफर सोडतोय. आधी हवा तपासा, ब्रॅकेटला हात नंतर. चालताना कर्रकर्र आवाज कब्ज्याच्या कोरड्या पिनचा. आणि रंगावर प्लेटच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ निघाली असेल तर तो रंगाचा तडा समजू नका. नख फिरवा, अडकलं तर पत्रा फाटतोय. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून तो तिथेच थांबवा आणि बॅकिंग प्लेट मोठी करा.

रेक्झिनच्या कव्हरला खाली दोन भोकं पाडा, नाहीतर पावसाळाभर पाणी डिस्कमध्ये साचतं. कव्हर मात्र असावंच, नागपूरच्या उन्हात उघड्या टायरच्या बगलेला लवकर भेगा पडतात. टायरच्या बगलेवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टेपनी नुसती टांगून म्हातारी करण्यापेक्षा दर १०,००० किलोमीटरला पाचही चाकं फिरवत राहा. तीनपैकी खालच्या स्टडवर लॉक नट लावा आणि त्याची चावी टूलकिटमध्येच ठेवा, घरच्या ड्रॉवरमध्ये नको.